वंगणाची ओळ

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं मामी मध्येच सांगून टाकते, म्हणून हे पत्र. तुमच्या धरणाच्या दरवाजांच्या मोटारी बदलायच्या आहेत. नवी मोटार किती ताकदीची हवी, हे काढायचं काम आमच्या कचेरीत माझ्याकडे आलंय. माझ्या एकटीच्या सहीनं जाणारं हे पहिलंच काम.

मी दरवाजावरचा पाण्याचा दाब काढला, बिजागरीपासूनचं अंतर धरून त्याचा पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, काढला आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं. आकडा एवढा मोठा, की तुमच्या जुन्या मोटारीनं तो दरवाजा कधी उघडलाच नसणार! साहेबांनी कागद परत पाठवला. त्यावर लाल पेनानं एकच प्रश्न होता: वीज गेल्यावर हा दरवाजा हातानं कसा उघडतात? महिनाअखेरपर्यंत उत्तर सापडलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. साहेब मला पाण्यात पाहतात, अशी आता माझी खात्रीच झालीय.

तुम्ही तीस वर्षं त्या दरवाजांपाशी होतात. हातानं उघडताना तो किती जड लागायचा? फुशारकी नको, खरं सांगा.

मामीस नमस्कार. लोभ आहेच, पण उत्तरही लवकर यावं.

तुमची,
भिंगरी


१० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचून दाखवलं. दरवाजा कधी उघडलाच नाही, म्हटल्यावर तिनं विचारलं, की मग तीस वर्षं डबा घेऊन मी जात होतो तरी कुठे.

आता ऐक. तळं काठोकाठ भरलेलं आणि वीज गेलेली. मी आणि आमचा वायरमन, दोघांनी हँडल फिरवलं. वेळ फार लागला, मध्ये दोनदा चहा झाला. पण जोर म्हणशील, तर तळं रिकामं असताना लागायचा त्याहून जरासाच जास्त. खाली कालव्याला एक सपाट दरवाजा होता. तो पाणी चढलं की जागचा हलायचा नाही. आमचा मात्र पाण्याकडे पोट काढून उभा. ते पोट उगीच दिलेलं नसणार. पोटाखालीही पाणी असतं, ते धरलंस का?

बाकी गणितातलं मला काय कळणार! मी आयुष्यभर केलं काय, तर दर पंधरा दिवसांनी बिजागरीच्या पिनांत ग्रीस भरलं. तुझ्या मावशीच्या सासरी मला अजून वंगणवालेच म्हणतात. मामीनं माझा कामाचा शर्ट कधी दुसऱ्या कपड्यांत भिजवला नाही. तू हिंमत सोडू नकोस आणि जेवणाची आबाळ करू नकोस.

माया आहे तशीच घट्ट असू दे.

तुझा,
मामा


२२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, पोटाखालचं पाणी! तेच मी विसरले होते. पाण्याचा आडवा जोर दरवाजाला बिजागरीभोवती खाली फिरवू पाहतो आणि पोटाखालचं पाणी त्याला वर उचलतं. दोघांचा पीळ वजा केला, तर उरलं शून्य. पुन्हा चुकले असं वाटून तीनदा मांडलं, तिन्ही वेळा शून्य. मग उलगडलं. दरवाजा वर्तुळाचा तुकडा आहे आणि बिजागरी बरोबर त्या वर्तुळाच्या मध्यावर. पाणी कुठेही दाबो, त्याचा रोख बिजागरीकडेच जातो. ज्यानं पहिल्यांदा हा दरवाजा असा वाकवला, त्याच्या पायाच पडावंसं वाटलं.

म्हणजे मोटारीला उचलायचं ते दरवाजाचं वजन आणि कडेच्या रबराचं घर्षण. पाण्याचा त्रास असा एकच राहतो: अख्ख्या तळ्याचा भार पेलणाऱ्या पिनांचं घर्षण. ते वाढलं तर दरवाजाला बिजागरीशी जोडणारे लोखंडी बाहूसुद्धा वाकतात. मोटार किती वीज ओढते, त्याच्या तीस वर्षांच्या नोंदी मी काढल्या. तुमच्या पिना एकदाही जड झाल्या नव्हत्या.

घर्षणाचा आकडा लिहिला, की शेजारी त्याचा आधार लिहावा लागतो. मी लिहिलं: नोंदी, आणि माझ्या मामांचं वंगण. सोबत तुमचं पत्रही जोडलं. साहेब खोडतील, असंच वाटलं होतं. त्यांनी लाल पेन काढलं आणि पुढे लिहिलं: दर पंधरा दिवसांनी, न चुकता. मग खाली सही केली. काम मंजूर झालं, मामा.

मला तुमचा फार अभिमान वाटतो. तोच लोभ समजा.

तुमची,
भिंगरी


२७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मामीनं वाचायला घेतलं, पण शेवटपर्यंत तिला वाचवेना. उरलेलं मी वाचलं. नंतर बघतो तर माझा तो शर्ट मागच्या खुंटीवरून गायब. डागांसकट घडी घालून तिनं तो कपाटात, आपल्या चांगल्या साड्यांवर ठेवलाय.

एक काम कर. साहेबांची ती ओळ मोठ्या अक्षरांत लिहून पाठव. मावशीच्या सासरी न्यायची आहे.

तुझा,
वंगणवाला मामा