उजवीकडे वळ म्हटलं ना!

३ तारीख
ही वही सूनबाईमुळे उघडावी लागली. काल गाडी घेऊन धाकट्या बहिणीच्या नव्या घरी निघाले. वीस मिनिटांचा रस्ता. तीन तासांनी सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकाशी पोचले. वॉचमनने पाणी दिलं. मी चुकले नाही, रस्ते बदललेत. पण घरी येताच सूनबाईने विषय काढला, की आईंनी आता गाडी चालवू नये. मुलगा मोबाइलमध्ये, हे पेपरात.
शेवटी ठरलं ते असं: रविवारी, १६ तारखेला, एकटीने अकराच्या आत बहिणीच्या दारात गाडी उभी केली, तर किल्ली माझी. नाहीतर सूनबाईची. कागदावर दोघींच्या सह्या झाल्या. पुढे माझाच माझ्याशी वाद नको, म्हणून इथेही नोंद.

४ तारीख, सकाळी ६
गाडीत नॅव्हिगेशन बसवणार. स्वतः. मेकॅनिक मला आजी म्हणतो, त्याच्याकडे जाणार नाही. सामान: मुलाचा जुना टॅब, जीपीएसचा रिसिव्हर, पंधरा फूट वायर. एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दोनशे मुलींना वळण लावलं, एका टॅबचं काय घेऊन बसलात!

५ तारीख
डॅशबोर्ड उघडला. ह्यांनी टॉर्च धरली, नको तिथे. डॅशबोर्ड बंद केला. सात स्क्रू उरले. हे म्हणाले, बहुतेक ते आत लागत असतील. कारखान्यात सढळ हाताने लावतात, असं मी सांगितलं. स्क्रू वाटीत ठेवलेत.

७ तारीख
यंत्र सुरू! मात्र वायपर लावले तरच. वीज कुठून तरी घ्यायचीच होती. वायपर बंद, की नकाशा बंद. चालायचंच. काच स्वच्छ राहील.
शेजारचे काका आभाळाकडे बघून विचारत होते, तुमच्याकडेच पडतोय का? मी वायपरचा वेग वाढवला.

९ तारीख
यंत्रातली बाई फार गुळमुळीत बोलते. वळायला सांगतानाही 'कृपया'. चुकलं तर रागावत नाही, गुपचूप दुसरा रस्ता काढून देते. अशा लाडांनीच माणसं बिघडतात. मुलगा म्हणाला, स्वतःचा आवाज भरता येतो.
खोलीचं दार लावून दीड तास भरला. 'डावीकडे. आत्ता. मग नाही.' 'उजवीकडे वळ म्हटलं ना!' 'चुकलीस. कारणं सांगू नकोस. मागे फीर.' उत्तम जमलंय.

१२ तारीख
चाचणी. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. विनाचूक पोचले. (दुकान आमच्या गॅलरीतून दिसतं.) ह्यांना शेजारी बसवलं होतं. आवाज आला की दचकून ताठ बसत. दोनदा 'चुकलो' म्हणाले. काही केलं नव्हतं.

१५ तारीख
पूर्ण तयारी. किल्लीला नवं कव्हर आणून ठेव, असं सूनबाईला मुद्दाम सुनावलं. ती म्हणाली, आणते की आई, माझ्या आवडीच्या रंगाचं.
कळेल उद्या.

१६ तारीख, सकाळी १०.१५
निघते. ऊन लख्ख. वायपर चालू.

१६ तारीख, दुपारी ३
खरं तेच लिहिते. पहिल्याच चौकात आवाज आला: डावीकडे. आत्ता. मग नाही. मी वळणारच होते. पण तो स्वर! आयुष्यात माझ्याशी त्या स्वरात कुणी बोललेलं नाही. सरळ गेले. चुकलीस, म्हणाली, कारणं सांगू नकोस. मी कारण सांगितलं, चांगलं सविस्तर. ऐकूनच घेईना. पुढच्या चौकात उजवीकडे म्हणाली, मी डावीकडे घेतली. तत्त्वाचा प्रश्न होता.
सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली करून विचारलं, बाई, गाडीत तुम्ही एकट्याच, मग भांडताय कुणाशी?
११.४०. सिमेंटचा कारखाना. या वेळी वॉचमनने खुर्चीही आणली.
यंत्रात दोष नाही. ड्रायव्हरला शिस्त नाही.

१७ तारीख
बहिणीकडे गेलो. गाडी सूनबाईने चालवली, मी मागे. अठरा मिनिटं. प्रत्येक वळणावर माझा आवाज आला, प्रत्येक वळणावर सूनबाई 'हो आई' म्हणाली आणि वळली. लग्नाला तेरा वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं. मला भरून आलं. मागून एवढंच म्हटलं, की जरा हळू घे.
म्हणाली, थांबा हो आई, आई काय सांगताहेत ते ऐकू द्या.

संध्याकाळी सूनबाईच्या ताब्यात दिलं ते: किल्ली एक, नव्या कव्हरात. गाडीच्या कागदांचं पाकीट एक. टॅब एक, वायरसकट. स्क्रू सात, वाटीसकट. माझा आवाज परत मागितला. तो गाडीबरोबरच राहील म्हणाली.
वाटी परत येणे आहे.