वायपूचं नक्की ठरलं

३ डिसेंबर २००६
आजपासून रोज लिहायचं. चौथी पास झालेय, अडत नाही काही.
आज बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहिले आणि कुंपणावरून शेजारच्या इझोबेल मॅक्रेशी बोलले. माझ्याहून थोरली, पण स्वतः गाडी हाकते. तिचे पूर्वज स्कॉटलंडचे. जमीनदाराला मेंढ्या पाळायच्या होत्या म्हणून त्याने माणसं हुसकली. ती गेली जहाजाने कॅनडाला, तिथल्या थंडीला कंटाळून पुन्हा जहाज, ते इथे, माझ्या मुलाच्या या देशात, आमच्यापासून गाडीने दोन तासांवरच्या वायपू गावी. आणि इथे येऊन काय केलं? तर मेंढ्या पाळल्या! आमच्या थोरल्या जाऊबाईंचं असंच. सासूच्या जाचाने वेगळ्या निघाल्या आणि सुनेला तोच जाच. असो.
त्यांच्यात कुळाला क्लॅन म्हणतात. या स्कॉटिश लोकांचं मंडळ आहे. जुनी चर्चं, कबरस्तानं बघत हिंडतात. इझोबेल मला म्हणाली, यू मस्ट कम. आपल्याकडे ‘या एकदा’ म्हणजे येऊ नका. पण गोरे लोक पोकळ बोलत नाहीत. म्हणजे मी मेंबर झाले.
शनिवारी कबरस्तान, पुढच्या शनिवारी म्युझियम, एक जानेवारीला वायपूचे खेळ. तिथे पुरुष झाडाचा अख्खा बुंधा उचलून फेकतात म्हणे. दहाला माझं परतीचं विमान. तोवर सगळं बघून होतंय.

९ डिसेंबर, शनिवार
गेले नाही. राघव रात्रपाळी करून झोपलेला, सूनबाई प्रणिता हॉस्पिटलात. दोघं एकाच हॉस्पिटलात, हा डॉक्टर, ती नर्स, पण एकमेकांना भेटतात ते आमच्या जिन्यात. मग सानिकाला कोण बघणार? चार वर्षांची नात. पहाटे केलेल्या दशम्या तिने टोमॅटो सॉस लावून खाल्ल्या. राघव म्हणाला, आई, नेक्स्ट टाइम नक्की. शब्दाचा पक्का आहे.
तसंही शनिवारी कबरस्तानात जाऊ नये.

१२ डिसेंबर
घर केवढं! आणि रस्त्यावर माणूस नाही. समोरच्यांच्या गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली. आत माणसं राहतात असं ऐकून आहे.
आमचं पुढचं दार ओढलं की आपोआप लागतं. किल्ली प्रणिताने मला दिली नाही. हरवली तर आईंनाच वाईट वाटेल, म्हणाली. किती विचार करते माझा! बस कुठे थांबते विचारलं तर राघव हसला. आई, आपल्या या फ्लॅट बुशात बसने कोण फिरतं?
मला काय, मी मोकळीच आहे. परसात फेऱ्या मारते. वायपूसाठी पायांची तयारी.

१६ डिसेंबर, शनिवार
म्युझियम राहिलं, पण काम फत्ते!
राघव म्हणाला, चल, तुला बाहेर नेतो. बॉटनी नावाच्या मॉलमध्ये नेलं. मला बाकावर बसवलं, शेजारी पिशव्या, मांडीवर सानिका, आणि दोघं खरेदीला. तेवढ्यात नाताळाचा एक बाप्या आला. चौकड्याचा परकर नेसलेला, काखेत पिशवी, ती दाबून सनईसारखं वाजवत होता. लग्नघर आठवलं. सानिका म्हणाली, आजी, टू लाउड! मी मात्र धीर करून विचारलं, विच क्लॅन? तो म्हणाला, आय ॲम फ्रॉम टाकानिनी, लव्ह.
परतताना हमरस्त्यावर बाण काढलेली पाटीही दिसली, टाकानिनी. म्हणजे हे मोठं कुळ असणार. चांगला धिप्पाड होता.

१७ डिसेंबर
इझोबेलला सांगितलं, टाकानिनी कुळातला एक भेटला. हसता हसता ठसका लागला तिला. आपल्या माणसाचं नाव निघालं की होतंच असं.

२८ डिसेंबर
नक्की झालं. सोमवारी सकाळी सहाला इझोबेल गाडी घेऊन दाराशी येणार, हॉर्न देणार. मुलाला आज जेवताना सांगायचं. दिवसभर पाठ केलं: राघव, मी एक दिवस जाणार आहे, सानिकाचं तुम्ही बघा. त्यात काय घाबरायचं? मी का बांधलेली आहे?
रात्री तोंड उघडलं आणि म्हणाले, भात वाढू का?
त्याने वाढ म्हटलं. उद्या सांगते.

३१ डिसेंबर
सांगितलं! राघव म्हणाला, अगं, उद्या दोघांनाही ड्यूटी आहे. इझोबेलबरोबर कशाला? नेक्स्ट समरला आपण सगळे जाऊ, हीप्स ऑफ टाइम आहे. मग प्रणिता म्हणाली, सांग ना आईंना सरप्राइज. सरप्राइज असं की माझा व्हिसा वाढवलाय. दहाचं तिकीट रद्द, आता जुलैत जायचं. मला विचारून काय करायचंय, मी होच म्हटलं असतं.
प्रणिता गळ्यात पडली. आई, तुम्ही आहात म्हणून चाललंय सगळं. खरंच आहे ते. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही.
इथला समर डिसेंबरात. जुलैत गेले तर पुढच्या समरला मी कुठली इथे? राघवच्या लक्षात आलं नसेल. वर्षाच्या शेवटच्या दिवशी कुरकुर नको म्हणून मी शिरा करायला उठले.
इझोबेलला नाही म्हणून सांगायचं राहिलं. तशी सकाळपर्यंत एखाद्याची ड्यूटी बदलतेही.

१ जानेवारी २००७
पाचलाच दोघं गेली. मी अंघोळ करून चौकड्याचं इरकल नेसले, अंबाडा घातला. उगीच नव्हे, नवं वर्ष आहे.
सहाला हॉर्न. खिडकी उघडून म्हटलं, बेबी स्लीपिंग. इझोबेल उतरून खिडकीशी आली, माझ्या साडीकडे बघितलं, हातावर हात ठेवला. काहीतरी म्हणाली. माझं इंग्रजी चांगलं आहे, पण ते नाही कळलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी तिथेच उभी होते.
सानिका डोळे चोळत खाली आली. आजी, व्हेअर आर यू गोइंग?
कुठे नाही गं. साडी बसतेय का बघत होते.