कोऱ्या तबकड्या आणि नवा शिक्का

मी, टेरेन्स हेग, वय सत्तावन्न, राहणार हडर्सफील्ड, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, दोन कप चहा पिऊन आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. प्रकृती उत्तम आहे. वाट पाहणाऱ्यांनी क्षमा करावी.

१. राहते घर बहीण जॅनिस हिला द्यावे. तळघरातला माझा कीबोर्ड तिने खुशाल विकावा. तीस वर्षे "टेरी, बंद कर ते!" एवढीच साथ तिने त्याला दिली.

२. ड्रम मशीन ब्रॅम आर्मिटेज यास. १९८९ साली एका बंद कापडगिरणीत आम्ही तिघांनी 'सेव्हन शेड' हा 'हाउस' म्हणजे क्लबात नाचायच्या संगीताचा गट काढला. सूर माझे, ठेका ब्रॅमचा आणि आवाज व्हर्ना पिनॉकचा. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, रविवारी चर्चमध्ये गायची. पहिल्या रेकॉर्डच्या पाचशे प्रती कोऱ्या लेबलाच्या काढल्या. निनावी तबकडी डीजे मंडळी कुतूहलाने वाजवतात. नंतर हाताने शिक्का मारायचा. ब्रॅमने करून आणलेल्या शिक्क्यावर 'हेग, आर्मिटेज' एवढेच होते.

"आणि मी काय पंख्याने वारा घालत होते?" व्हर्ना म्हणाली.

"पुढच्या वेळी नक्की," आम्ही म्हणालो.

गाणे एका रेकॉर्ड कंपनीने उचलले आणि ते देशभर गाजले. टीव्हीचे बोलावणे आले तेव्हा कंपनीने व्हर्नाच्या जागी एक सडपातळ मुलगी उभी केली. ओठ तिचे, आवाज व्हर्नाचा. मी मान डोलावली, हे येथे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी व्हर्नाचा फोन आला: "पोरगी गोड आहे रे. फक्त वरच्या सुराआधी श्वास घ्यायला विसरली. आता गाऊनही घ्या तिच्याकडूनच." पुढची रेकॉर्ड खरोखरच त्या मुलीने गायली. अठरा प्रती खपल्या, पैकी अकरा ब्रॅमच्या आईने घेतल्या. गट तेथे संपला.

३. ~~त्या पहिल्या रेकॉर्डच्या माळ्यावर उरलेल्या दोनशे बारा कोऱ्या तबकड्या आणि मी करवून घेतलेला नवा शिक्का ('पिनॉक, हेग, आर्मिटेज', याच क्रमाने) माझ्या पश्चात व्हर्ना पिनॉक हिला द्यावा.~~

हे कलम आज सकाळी खोडले. व्हर्नाला साक्षीदार म्हणून बोलावले होते. तथापि ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले. व्हर्नाने कलम वाचले.

"म्हणजे माझं नाव बघायला मी तुझ्या मरणाची वाट बघू? आणखी तीस वर्षं? आण तो खोका खाली."

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळ्या तबकड्यांवर शिक्के मारले. तिने खोका गाडीत ठेवला. आता मृत्युपत्रान्वये तिला काहीही मिळत नाही.

४. अंत्यविधीस तीच रेकॉर्ड वाजवावी. लोक नाचू लागल्यास पाद्रीबाईंनी हरकत घेऊ नये.

लिहून देणार: टेरेन्स हेग
हडर्सफील्ड, १४ मे २०२३

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:

१. हॅरल्ड क्रॉसली, शेजारी. व्यवसाय: निवृत्त पोस्टमन.

२. व्हर्ना पिनॉक. व्यवसाय: ~~शाळेत स्वयंपाक~~ गायिका.