नवव्या दिवशीचं हसणं

मॅडम, तुम्ही सुपरहिरोची मालिका कधी पाहिली असेल असं मला वाटत नाही. मुलुंडच्या तुमच्या दोन खोल्यांत टीव्ही होता, पण तो तुमच्या मिस्टरांचा. ते सिनेमा लावायचे आणि तुम्ही टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडत बसायच्या, मधेच न बघताच म्हणायच्या, "हा आता खोटं बोलतोय." आणि खरंच तो माणूस पुढच्या दहा मिनिटांत खोटा निघायचा. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं असं नाही, तर मला वाटायचं तुम्ही पहिल्या ओळीतच विचाराल, "मुद्दा काय?" आज मुद्दा आहे, म्हणून लिहायला बसले आहे.

काम तेच करते मी, जे तुम्ही शिकवलंत. फक्त तेव्हा आपण साबण, चहा आणि डोकेदुखीची गोळी यांबद्दलचे प्रश्न घेऊन दारोदार फिरायचो, आणि आता माणसं माझ्याकडे येतात. अंधेरीला एका इमारतीत आमची खोली आहे. सोफे, मोठा पडदा, मधे टेबलावर बिस्किटांच्या बश्या. एका भिंतीला आरसा लावलाय, तो आमच्या बाजूने आरसा आहे आणि पलीकडून काच. पलीकडे मालिका काढणारी मंडळी बसतात. मालिका लोकांसमोर जाण्याआधी तिचे पहिले दोन भाग आठ-दहा साध्या प्रेक्षकांना दाखवायचे, ते काय म्हणतात ते ऐकायचं आणि काढणाऱ्यांना सांगायचं. असे चार गट मी दोन दिवसांत घेतले. घाटकोपर, मुलुंड, बोरीवली, सगळीकडची माणसं होती. पोरंटोरं नव्हती, नोकरीधंद्याची, घरसंसाराची माणसं.

मालिकेची गोष्ट तुम्हाला थोडक्यात सांगते. आधी एक मालिका होती, एका उडणाऱ्या माणसाची. तो शहर वाचवायचा. तीन वर्षं लोकांनी ती वेड्यासारखी पाहिली, आणि शेवटी त्या माणसाला मारून टाकलं. आता तिच्यातूनच नवी मालिका काढली आहे, त्याच्या बायकोची. आधीच्या मालिकेत ती डबा भरून द्यायची आणि खिडकीत उभी राहायची, बस. नव्या मालिकेत कळतं की ताकद तिच्यातही होती, तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच भागात नवरा जाऊन नववा दिवस असतो. घरात ती आणि सासू. नवऱ्याचा चष्मा लोखंडी कपाटाखाली गेलेला तिला दिसतो, आणि कुणी नाही असं समजून ती एका हाताने अख्खं कपाट उचलते. सासू दारात उभी. दोघी एकमेकींकडे बघतात. मग सासू म्हणते, "आणि मी इतकी वर्षं दिवाळीला कपाट सरकवायला शेजारचे चार पुरुष बोलावत होते?" आणि दोघी हसायला लागतात. हसतात, हसतात, जमिनीवर बसून हसतात.

एवढंच. पण हा तुकडा जाहिरातीसाठी आधी नेटवर टाकला आणि तासाभरात वाट लागली. मी त्या प्रतिक्रिया छापून घेतल्या होत्या, कागदावर असल्याशिवाय मला वाचलेलं कळत नाही, ही सवयही तुमचीच. 'नवरा जाऊन नऊ दिवस नाही झाले आणि ही खिदळते.' 'तेरावं तरी होऊ द्यायचं होतं.' 'हिरोला मारून सासू-सुनेची मालिका काढली, काय यार.' कुणीतरी लिहिलं होतं, 'ही त्याची बायको नाहीच.' असे ढीगभर. मालिका काढणारा माणूस पस्तिशीचा असेल, हुशार, पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला. मला म्हणाला, "मॅडम, फक्त एकच विचारा. हे हसणं खटकतं का? खटकत असेल तर आजच कापतो." हो, मलाही आता मॅडम म्हणतात. अजून मी पहिल्यांदा मागे वळून बघते.

फक्त एकच विचारा, असं कुणी म्हटलं की मला बोरीवलीची ती सोसायटी आठवते. मी वीस वर्षांची, मानखुर्दहून सकाळी निघालेली, हातात धुण्याच्या पावडरीचे आठ फॉर्म. वॉचमनने आत सोडलं नाही. दुसऱ्या इमारतीत पाच बायकांनी उत्तरं दिली आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी बागेतल्या बाकावर बसून उरलेले तीन फॉर्म त्या सोसायटीच्या नावाने स्वतःच भरले. तुम्ही संध्याकाळी कागद चाळताय, आणि एका कागदावर थांबताय.  दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्याच सोसायटीत जाताय. इमारतीसमोर उभं करून म्हणताय, "मोज मजले." मी मोजते. चार. फॉर्मवर मी लिहिलंय, खोली पाचशे तीन. रागावलात की तुमच्या तोंडी मालवणी यायची. "काय गो, ही बाई खंय रवता? हवेत?" मी रडायला लागले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "मुलं किती दिलीस तिला?" मी म्हटलं, दोन. "आणि पावडर कुठली आवडते तिला?" मी सांगितलं. "बघ, तुला जे वाटतं तेच तिला वाटलं. अशा बायका कंपनीला घरबसल्या मिळतात. तुला पाठवलं ते खऱ्या बायकांकडे." मग वॉचमनशी तुम्ही काय बोललात कोण जाणे, त्याने आम्हाला वर सोडलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने तुम्हाला पोहे खाऊ घातले. परत येताना स्टेशनबाहेर तुम्ही मला मागच्या पट्ट्याच्या काळ्या सँडल घेऊन दिल्यात. मी नको म्हणत होते. "पाय दुखत असले की माणूस खोटं लिहितो," म्हणालात, आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत.

तर 'हे हसणं खटकतं का' असं मी कुणालाच विचारलं नाही. भाग संपले, दिवे लागले, आणि मी विचारलं, "मग?" आणि गप्प बसले. तुम्ही सांगायच्या, माणसाचं तोंड सभ्य असतं, हात बघ. चारही गटांत मी हात बघत होते. मारामारी सुरू झाली, इमारती कोसळायला लागल्या की हात बिस्किटांकडे जायचे. कुणी बाथरूमला उठायचं. कपाटाचा प्रसंग आला की कुणी हलत नव्हतं. दुसऱ्या गटात एका बाईंच्या हातात अर्धं बिस्किट होतं, ते प्रसंग संपेपर्यंत तसंच हवेत राहिलं. पण पहिल्या तीन गटांत तोंडाने सगळे म्हणत होते, छान आहे, चांगली आहे, बरी वाटली. काचेपलीकडचा माणूस एवढंच ऐकत होता.

खरं बोलणं चौथ्या गटात झालं. घाटकोपरचा एकजण होता, तिशीचा, औषधाच्या दुकानात काम करणारा. आधीची मालिका त्याने तीनदा पाहिलेली. तो सुरुवातीपासून हाताची घडी घालून बसला होता. म्हणाला, "खरं सांगू का, मला नाही आवडली. तो माणूस शहरासाठी मेला ना. आणि त्याची बायको नवव्या दिवशी हसते. चीड आली मला." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "अजून?" तो म्हणाला, "अजून काय. बस." मी गप्प. तुम्ही शिकवलेली ती गप्प बसण्याची वेळ, जेव्हा आपल्यालाच बोलावंसं वाटतं आणि जीभ दाताखाली धरायची असते.

कोपऱ्यात एक बाई बसल्या होत्या, पंचावन्नच्या आसपास, बोरीवलीला शिवणाचे क्लास घेणाऱ्या. तोपर्यंत 'छान आहे' एवढंच बोलल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी दहाव्याला हसले होते." सगळ्यांनी वळून पाहिलं. "माझे मिस्टर गेले तेव्हा. पिंड ठेवला होता, सगळे कावळ्याची वाट बघत उभे. एक कावळा येईना. आणि दिराच्या खिशात मोबाईलवर कोंबडा आरवला. मला आवरलंच नाही. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. लोकांना वाटलं रडतेय. जाऊबाईंना कळलं पण. अकरा वर्षं झाली, अजून बोलून दाखवते ती."

 मग तो औषधवाला म्हणाला, पण हळू, "पण काकी, तुम्हाला दुःख नव्हतं का?"

"होतं ना. म्हणून तर थांबता येईना."

"मग या बाईने काय करायला पाहिजे होतं?" हे मी विचारलं.  त्याच्या हाताची घडी सुटली होती. मग म्हणाला, "माहीत नाही. तिने काहीही केलं असतं तरी मला चीड आली असती. मला तो परत पाहिजे होता." आणि मग जरा लाजून म्हणाला, "मालिकाच आहे, कळतं मला."

मॅडम, त्या क्षणी मला सगळं कळलं. नेटवरच्या त्या ढीगभर शिव्या हसण्याला नव्हत्याच. त्या माणसांचा हिरो गेला होता आणि त्याच्यासाठी कुणी त्यांना दोन मिनिटं दिली नव्हती. मी काचेपलीकडे गेले आणि तेच सांगितलं. हसणं कापू नका. कापायचं असेल तर मारामारीतली चार मिनिटं कापा, आणि सुरुवातीला त्या मेलेल्या माणसासाठी जागा करा. काढणारा म्हणाला, "मॅडम, नेटवर हजार लोक ओरडतायत आणि तुम्ही मला एका शिवणक्लासवाल्या बाईंचं ऐकायला सांगताय." मी म्हटलं, "हजार लोकांनी वीस सेकंदांचा तुकडा पाहिलाय. इथे माणसांनी दोन भाग पाहिलेत, आणि मी त्यांचे हात पाहिलेत." तो चिडला. मीही चिडले, पण आवाज चढवला नाही. माझा अहवाल दीड पानाचा होता. त्यात 'छान' हा शब्द एकदाही नव्हता.

त्यांनी हसणं ठेवलं. सुरुवातीला एक छोटा प्रसंग आणला, आधीच चित्रित करून टाकून दिलेला. दोरीवर त्याचे शर्ट वाळत असतात, धुवायला टाकले तेव्हा तो होता, वाळले तेव्हा नाही, आणि बायको ते घड्या घालून कपाटात ठेवते. मालिका दोन आठवड्यांपूर्वी आली. पहिले दोन दिवस शिव्याच होत्या, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवसापासून लोक स्वतःच्या घरातलं लिहायला लागले. कुणाचा बाप गेला तेव्हा भाऊ-बहीण हॉस्पिटलच्या जिन्यात हसत सुटले होते. कुणाच्या आजीच्या मयताला खांदेकरी चुकीच्या गल्लीत शिरले होते. मी माझ्या खुर्चीत बसून वाचत होते आणि मला खात्री होती की मी बरोबर होते. एका बाबतीत चुकले, तेही सांगते. मला वाटलं होतं सासू लोकांना आवडणार नाही. आता सगळ्यांना सासूचीच मालिका पाहिजे.

काढणाऱ्या माणसाने मिठाई पाठवली आणि फोन केला. म्हणाला, "एक विचारू? त्या एका हसण्यासाठी तुम्ही एवढ्या का भांडलात?" मी म्हटलं, चार गटांत मला जे दिसलं ते सांगितलं. हे खरंच होतं. पण पुरतं नव्हतं, आणि उरलेलं त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

तुमचे मिस्टर गेले त्यानंतर सहाव्या दिवशी तुम्ही कामावर आलात. आमच्या घरी दहावं-तेरावं करत नाहीत, जलदान विधी करतात, पण सहाव्या दिवशी बाई कामावर, हे मलाही चमत्कारिक वाटलं होतं. आपण मुलुंडलाच एका घरी गेलो. गॅलरीत पोपट होता. तुम्ही प्रश्न विचारलात, घरात खरेदीचं कोण ठरवतं, आणि त्या बाई तोंड उघडणार तेवढ्यात पोपट म्हणाला, "तू गप्प बस." तुम्ही हसायला लागलात. जिना उतरतानाही हसत होतात, कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तुमच्याबरोबर हसले नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी चौघींना सांगितलं, "नवरा जाऊन आठवडा झाला नाही आणि मॅडम काय हसत होत्या." मला वाटलं नव्हतं ते इतकं फिरेल. दुपारपर्यंत सगळ्या मजल्यावर झालं होतं. पुढचे कितीतरी महिने तुम्ही डबा तुमच्या टेबलावर एकटीने खाल्लात, आणि माझ्यासमोर तरी पुन्हा कधी तशा हसला नाहीत.

कोण बोललं हे तुम्ही कुणाला विचारलं नाहीत. एकदाच, फाइली लावता लावता, मला म्हणालात, "सगळ्या बोलल्या. न बोललेली तू एकटीच." मी तुमच्याकडे बघितलं, आणि मान डोलावली.