कमलताईंची तीस अंडी

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
रविवार, २० एप्रिल २०२५

पहाटे साडेतीनला उठलो. साडेचारला तुमच्या कब्रस्तानात, सहाला चर्चमध्ये, साडेआठला घरी. अंघोळ, पूजा. दुपारी खिचडी. ऊन बेचाळीसच्या वर. आता संध्याकाळचे साडेपाच झाले आहेत.

प्रिय कमलताई,

आधी 'माननीय' लिहिलं होतं. ते मिलच्या मेमोसारखं दिसायला लागलं म्हणून कागद बदलला. चौतीस वर्षांच्या ओळखीत मी तुमच्याशी 'या', 'बसा' आणि 'वंदना आत आहे' यापलीकडे फारसं बोललेलो नाही, त्यामुळे माझं पत्र पाहून तुम्ही आधी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचाल. पत्ता बरोबर आहे. खांडव्याचा पत्ता मी तुमच्या रश्मीकडून फोनवर घेतला. ती घाबरून म्हणाली, "काका, सब ठीक ना?" मी हो म्हटलं.

वंदना जाऊन चार महिने झाले. तुमचा निरोप रश्मीच्याच फोनवरून आला होता. तुम्ही स्वतः आला नाहीत, आणि त्याआधीचे आठ-नऊ महिनेही आमच्या घरी आला नाहीत. तुमचं आणि वंदनाचं बिनसलं, असं सगळे समजतात. तिलाही शेवटपर्यंत तसंच वाटत होतं. खरं काय घडलं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि ते वाचूनही तुम्ही आमच्याकडे यावं अशी इच्छा आहे. पण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो. आधी अंड्यांचं सांगतो.

बुऱ्हाणपुरात यायच्या आधी, नेपानगरच्या मिलच्या क्वार्टरमध्ये आपली भिंत एक होती. तुम्ही पहिल्यांदा अंडी घेऊन आलात ते १९९१ साल. चर्चमधल्या मुलांसाठी रंगवायची होती, आणि बाजारचा रंग बोटांना लागून पोरांच्या तोंडात जातो अशी तुमची तक्रार होती. वंदना रंगाऱ्यांच्या घरची. तिनं उभ्या जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, पण रंगाचं काम समोर आल्यावर तिला राहवेना. कांद्याची सालं, तुरटी, चमचाभर सिरका. मेथीचं पान अंड्यावर चिकटवून वरून वायलचा तुकडा दोऱ्यानं घट्ट बांधायचा, म्हणजे लाल अंड्यावर पानाचा पांढरा छाप उठतो. मी म्हणालो होतो, माळकरी घरात हे चालायचं नाही. त्यावर तिनं चूल मागच्या अंगणात नेली, ॲल्युमिनियमचं पातेलं वेगळं काढलं, आणि मी मिलच्या स्टोअरमधल्या रंगानं त्याच्यावर 'अंडे' असं लिहून दिलं. पुढची तेहेतीस वर्षं माझा सहभाग तेवढाच.

अंडंच का, असं तिनं तुम्हाला त्या पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तुम्ही सांगितलंत की अंडं म्हणजे बंद कबर. येशूच्या कबरीवरचा धोंडा सरकला तसं कवच फोडून आतून जीव बाहेर येतो. वंदना म्हणाली, "मग उकडता कशाला गं? आतला येणार कसा?" तुम्ही पाटावर बसून इतक्या हसलात की तुमचे शांतवनराव भिंतीपलीकडून काय झालं म्हणून ओरडले. मग तुम्ही खरं कारण सांगितलंत. चाळीस दिवसांच्या उपासात जुने लोक अंडी खात नसत, पण कोंबड्यांना उपासाचं कोण सांगणार. त्या घालतच राहायच्या. टिकावीत म्हणून लोक ती उकडून ठेवायचे आणि सणाला वाटायचे. त्याच्याही आधी, बर्फाच्या देशात हिवाळा सरला की कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागत, त्याचाच लोकांना आनंद व्हायचा. वंदनाला हे लगेच पटलं. म्हणाली, "म्हणजे आपल्या होळीसारखंच. थंडी गेली, आता रंग काढा." रश्मीच्या पुस्तकात अंड्यांची टोपली घेतलेला ससा होता, त्याच्याबद्दल मीही एकदा विचारलं होतं. "ते जर्मनीकडचं आहे भाऊ, मला नका विचारू," असं तुम्ही म्हणालात. आपलं सगळ्यांत मोठं संभाषण बहुधा तेच.

वंदना दवाखान्यात होती तेव्हा तिनं मला रंगवायची रीत लिहून घ्यायला लावली. "कमल रागावली तर रागावू दे. पोरांची अंडी चुकवू नका." मी लिहून घेतलं. आणखी एक गोष्ट तिला तेव्हाच सांगायला हवी होती, ती सांगितली नाही.

तर यंदाचं. सण कधी येतो याचा नियम मला माहीत होता. दिवस-रात्र सारखे झाले की पुढची पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा रविवार. वंदना दर वर्षी हे बोलायची. मी पंचांग पाहिलं. हनुमान जयंती शनिवारी, बारा तारखेला. म्हणजे सण तेराला. घरातल्या कॅलेंडरवर गुड फ्रायडे लाल अक्षरात छापलेला असतो हे मला नंतर दिसलं. निवृत्त माणूस सुट्ट्या बघत नाही.

अकरा तारखेला अंडी आणायला गेलो. अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. मी म्हणालो, तीस नग द्या, आणि माल कोणत्या तारखेचा आहे? दुकानातला पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काका, अंडा है, सिमेंट नहीं." अंडी पिशवीत ठेवून वर मेथीच्या दोन जुड्या टाकल्या आणि गल्लीत शिरलो. मथुराबाई ओट्यावर. तुम्हाला त्या आठवत असतील, आमच्या शेजारच्या, ज्यांच्या घरात लसूणही चतुर्थीला शिजत नाही. "काय वो दादा, एकट्याला एवढी मेथी? आन् ही मेथी खडखडती कशी?" मी म्हणालो, ताजी आहे. 

शनिवारी पातेल्यात तीसही अंडी एकदम टाकली आणि जाळ मोठा केला. सात फुटली. पाणी नासल्यासारखं दिसायला लागलं. मागच्या कुंपणावरून मथुराबाईंचा आवाज आला, "पाण्यात मीठ टाकावं, दादा. आन् आच बारीक. बारा मिनिटं." मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? त्या म्हणाल्या, "ऐकून आहे." एवढी बिनचूक ऐकीव माहिती मी मिलच्या नोकरीत कुणाकडून घेतली नाही. सात अंडी पुन्हा आणली. त्या पोरानं विचारलं, "काका, पहिला माल रिजेक्ट?"

रंग बरा आला, पण पानाचा छाप एकावरही उठला नाही. दोरा सैल राहिला होता. बरीचशी अंडी बटाट्यासारखी दिसत होती. तरी तेराला पहाटे टोपली घेऊन कब्रस्तानावर गेलो, कारण तुमच्यात त्या दिवशी उजाडायच्या आत कबरींवर मेणबत्त्या लावतात हे मला माहीत होतं. फाटकाला कुलूप. चौकीदार उठून आला आणि माझ्या टोपीकडे, मग टोपलीकडे बघून म्हणाला, "किसको मिलना है?" मी टोपली घेऊन परत फिरलो.

आठला चर्चमध्ये गेलो. अंगणभर पोरं शिंदीच्या झावळ्या हलवत गाणी म्हणत होती. एकाला झावळी मिळाली नव्हती, तर त्यानं केळीचं पान आणलं होतं. पास्टरसाहेबांनी टोपलीवरचं फडकं उचललं, पाहिलं, पुन्हा झाकलं. "महाजनसाहब, आज तो प्रभु गधे पर बैठकर शहर में आए हैं. आप सीधा कबर खोलने आ गए." तो झावळ्यांचा रविवार होता. त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं की चर्चच्या तक्त्यात यंदाची पौर्णिमा शनिवारी नाही, रविवारी धरली आहे, आणि पौर्णिमा रविवारी आली की सण एक आठवडा पुढे जातो. मी म्हणालो, तिथीची क्षय-वृद्धी आमच्यातही असते. ते म्हणाले, "तो फिर आप समझ गए." बाजूला एक म्हातारी बाई टोपलीकडे बघत होती. तिचा उपास होता. टोपली मी पायांमागे सरकवली.

उकडलेली अंडी या उन्हात आठवडाभर राहत नाहीत, एवढं मलाही कळत होतं. परत येताना आमच्या गल्लीतल्या पॉवरलूमवर रात्रपाळी सुटत होती. कारागिरांना वाटून टाकली. एकानं विचारलं कशाबद्दल. मी म्हणालो, चुकीबद्दल. दुसऱ्या दिवशी दोघे दारात उभे. "काका, आज कोई गलती नहीं हुई?"

काल पुन्हा तीस आणली. या वेळी मथुराबाई कुंपण ओलांडून आल्या. हात लावणार नाही, फक्त दोरा बांधून देईन म्हणाल्या, आणि तीसही अंड्यांना हात लावला. एका अंड्यावर मेथीचं पान इतकं स्वच्छ उठलं की शिराही मोजता याव्यात. आम्ही दोघं ते बघत बसलो. त्या म्हणाल्या, "वंदना असती तर म्हणली असती, देठ वाकडा आला." ती तसंच म्हणाली असती.

आज पहाटे फाटक उघडं होतं. सगळीकडे मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, लोक हळू आवाजात गात होते. तुम्ही खांडव्याला, म्हणून शांतवनरावांच्या कबरीवर मी मेणबत्ती लावली आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसली. उत्तरेकडचा कोपरा खचला आहे, पास्टरसाहेबांना सांगून ठेवलं आहे. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. आमच्यात अशी जागा राहत नाही. राख तापीत जाते, आणि मग माणूस उभा कुठे राहणार. तुमची ही पद्धत मला बरी वाटली.

नंतर चर्चच्या अंगणात पोरांनी अंडी शोधली. पान सगळ्यांत स्वच्छ उठलेलं अंडं ज्याला सापडेल त्यानं घंटा वाजवायची, हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते अंडं आमच्या अंगणातून जात होतं आणि पुढे त्याचं काय होतं हे मी कधी विचारलं नाही. पास्टरसाहेब म्हणाले, गेल्या वर्षी पानाचं अंडं आलंच नाही, तर घंटेवरून पोरांची मारामारी झाली. यंदा ते छाया नावाच्या मुलीला सापडलं. कुंडीमागे. तिचे पाय जमिनीवरून सुटले तरी तिनं दोर सोडला नाही.

आता मुद्दा. गेल्या वर्षी पानाचं अंडं का आलं नाही, ते ऐका. सणाच्या आधीच्या शुक्रवारी तुमचा फोन आला, अंडी घेऊन उद्या येते म्हणून. वंदना अंघोळीला गेली होती. फोन मी घेतला. रावेरहून माझे थोरले भाऊ आले होते, समोरच बसले होते, आणि त्यांच्यासमोर घरात अंडी यायची मला लाज वाटली. मी तुम्हाला म्हणालो, "वंदनाला आता हे आवडत नाही. यंदापासून दुसरीकडे बघा." तुम्ही 'बरं' म्हणालात. वंदनाचा त्यात एका अक्षराचाही संबंध नव्हता. तिला मी फोन आल्याचंही सांगितलं नाही. शनिवारी तिनं सालं भिजवून पाणी तापत ठेवलं आणि अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. पुढे महिनोन् महिने ती आठवत राहिली की तिच्या तोंडून काय गेलं असेल. शेवटी तिनं ठरवलं की नाताळला तुमच्या केकला ती 'जरा कोरडा' म्हणाली होती, त्याचाच तुम्हाला राग आला. मला विचारायची, "इतकं लागलं असेल का हो?" मी पेपर वाचत होतो.

तिच्या दहाव्याला तापीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. दोन तास. भटजींनी सांगितलं, बाईंची काही इच्छा राहिली असेल, कबूल करा. चेतन म्हणाला, आई, मी दर महिन्याला इंदूरहून येईन. कावळा चोच घासत बसला. माझी वहिनी म्हणाली, तुझ्या पाटल्या नातसुनेलाच देऊ. भावांनी गावजेवण कबूल केलं. कुणीतरी म्हणालं, तिला जिलेबी आवडायची, आणि एक जण जिलेबी आणायला धावला. मला या गोष्टींवर विश्वास नाही. मी चाळीस वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. तरी सगळे जिलेबीची वाट पाहत असताना मी नदीकडे तोंड करून, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालो, "कमलताईंना खरं सांगतो." मागे वळलो तर कावळा पिंडावर होता. सगळे म्हणाले, जिलेबीचं नाव काढल्याबरोबर आला. मी काही बोललो नाही. चार महिने बोललो नाही. आज सांगितलं. तुम्ही माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण वंदनावरचा राग सोडा. तिच्याकडून काहीच झालेलं नव्हतं. आणि केक कोरडा नव्हता. तो मी खाल्ला होता, अंड्याचा आहे हे माहीत असून, दोन तुकडे.

नळाला पाणी आलं आहे. दोन बादल्या आणून कूलर भरून घेतो.

तुमचा अपराधी शेजारी,
वामन महाजन