एकविसावी बॅटर

प्रिय वैशू,

काल आर्वीच्या मैदानावर सॉफ्टबॉलमध्ये माझा परफेक्ट गेम झाला. सात इनिंग, एकवीस बॅटर, एकही पोरगी पहिल्या बेसवर पोचली नाही! सकाळपासून घरात पेढे फिरतायत आणि मी मागच्या खोलीत दार लावून तुला लिहीत बसलेय. कारण शेवटच्या बॉलला जे झालं, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तू गेल्यापासून मी ड्रॉप टाकलाच नव्हता. बॅटरपुढे येऊन झपकन खाली बसणारा तो बॉल मातीत आपटला की कॅचरला अंगावर घ्यावा लागतो. तू घ्यायचीस. छातीवर काळेनिळे डाग घेऊन घरी जायचीस आणि काकूंना सांगायचीस, सायकलवरून पडले.

आता तुझ्या जागी रेणुका आहे, समुद्रपूरची. खोटं कशाला बोलू, वर्षभर मी तिला धड नावानं हाक मारली नाही. तुझा मास्क तिच्या तोंडावर दिसला की माझं डोकंच फिरायचं. तिचा बिचारीचा काय दोष?

यवतमाळची मॅच आठवते? तेव्हाही शेवटचीच बॅटर होती. तिची बॅट चुकली, तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद, म्हणून मी उड्या मारायला लागले आणि बॉल तुझ्या हातून निसटला. तिसरा स्ट्राइक कॅचरनं धरला नाही तर बॅटर पळू शकते, हा कसला मेला नियम! ती पळाली, पोचली. मॅच आपण जिंकलो, पण परफेक्ट गेम गेला. परतीच्या बसमध्ये तू शेजारी येऊन बसलीस, मी उठून ड्रायव्हरमागे जाऊन बसले. बोरगाव मेघेला उतरल्यावर तू खिडकीशी आलीस.

"पल्ले, बोल ना वं मायासंगं."

मी तोंड फिरवलं. आठवडाभर तुझा फोन उचलला नाही. मग तुझ्या ताईचा आला, दवाखान्यातून. मी पोचले तेव्हा तापानं तू कुणाला ओळखत नव्हतीस. इतकी कसली घाई होती गं तुला?

काल वीस जणी बाद झाल्या होत्या. एकविसावीला तीन बॉल, दोन स्ट्राइक. आणखी एक बॉल बाहेर गेला की ती आरामात चालत पहिल्या बेसवर. माझे सरळ बॉल ती रेषेबाहेर, फाउलवर फाउल मारत होती. हात घामानं भिजला, मातीत घासला, परत भिजला. रेणुका टाइम मागून माझ्याकडे आली.

"ताई, तुमचा तो खाली बसनारा टाका. सुटला तं मले बोला, पन टाका."

टाकला. बॅट चुकली. बॉल मातीत आपटून रेणुकाच्या गळ्याखाली बसला आणि बाजूला घरंगळला. बॅटर आपण बाद झालो समजून तिथंच उभी. त्यांच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काऊन उभी राह्यली वं? पय!"

ती पळाली. रेणुका मास्क फेकून गुडघ्यांवर बॉल शोधत होती. आणि वैशू, मला राग आलाच नाही. गेला तर गेला, पोरीला लागलं तर नाही ना, एवढंच मनात आलं. इतकं सोपं होतं ते? मग तुझ्या वेळी मला काय धाड भरली होती?

रेणुकाचा थ्रो तिच्या अर्धं पाऊल आधी पहिल्या बेसवर पोचला. अंपायरचा हात वर गेला. मी रेणुकाला मिठी मारली आणि तुझ्यासाठी रडले.

काकू अजून मला तुझी जिवाभावाची मैत्रीण म्हणतात, म्हणून तर मी तुझ्या घरी फिरकत नाही. या रविवारी जाणार आहे. बसमध्ये मी कशी वागले, फोन का उचलला नाही, सगळं माझ्या तोंडानं सांगेन. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं, तर ते कसं लागतं हे मलाही कळेल.

तुझ्याशी बोलायची राहून गेलेली,
पल्ली