हापशाचे पाने कोणाकडे जावेत

मी, चतुराबाई भ्र. शहादेव ओव्हाळ, वय पंचाहत्तर, धर्म बौद्ध, पूर्वीचा धंदा हातपंप दुरुस्ती, हल्लीचा धंदा घरी बसून सगळ्यांना सूचना देणे, राहणार पाली, तालुका व जिल्हा बीड, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांना तसे लिहिता आले नाही. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. मुलाने दोनदा विषय काढला, तेव्हा त्याला चहा पाजून परत पाठवले. माझ्या मागे खालीलप्रमाणे व्हावे.

कलम १. पालीतील दोन खोल्यांचे पत्र्याचे घर माझा एकुलता मुलगा धर्मराज याला द्यावे. दारापुढचा लिंब मात्र वाळल्याशिवाय तोडू नये. तो माझे पती शहादेव यांनी लावला आहे आणि त्यांची मागे राहिलेली दुसरी खूण माझ्याकडे नाही.

कलम २. हमरस्त्याच्या कडेची अकरा गुंठे जमीन, जिच्यावर हॉटेलवाल्यांचा डोळा आहे, तीही धर्मराजला. विकावी की ठेवावी हे त्यानेच ठरवावे. अट एवढीच, की माझ्या मरणानंतर एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत त्याने कुठल्याही कागदावर सही करू नये. माझा मुलगा मनाने चांगला आहे, पण निर्णय धावत घेतो. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात चारा मिळेना म्हणून त्याने दोन्ही म्हशी एका दिवसात विकून टाकल्या. मी म्हणाले होते, छावणीत ठेव, महिनाभर बघ. तो म्हणाला, "आई, महिन्यानं काय आभाळ फाटणार हाय?" त्या वर्षी आभाळ खरेच फाटले, धो धो पाऊस झाला. तो रिकाम्या दावणीजवळ जाऊन बसायचा. त्याला टोमणा मारावा म्हणून हे लिहीत नाही. त्याला एक पावसाळा थांबता यावे म्हणून लिहीत आहे.

कलम ३. पोस्टातील माझी बचत सून गीता हिला द्यावी. तिने ती कशावर खर्च केली हे कोणीही विचारू नये, धर्मराजने तर नाहीच.

कलम ४. आता एका रागाची व्यवस्था. शहाऐंशीच्या दुष्काळात पंचायत समितीने बायांना हापसा दुरुस्त करायला शिकवले. माझे वडील छप्पन साली बौद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी मला शाळेत घातले. मी सातवी पास होते, म्हणून माझी निवड झाली. गावातला पहिला हापसा मी उघडला, वायसर बदलले, पाणी आणले. त्यावर गावचे पुढारी सर्जेराव नवले यांनी तो हापसा गोमूत्राने धुऊन घेतला. मी समोर उभी होते, हाताला ग्रीस होते. त्याच दिवशी त्यांच्या पत्नी मालनबाई घागर घेऊन आल्या, सगळ्यांदेखत हापशाखाली ओंजळ धरून पाणी प्याल्या आणि मला म्हणाल्या, "मलाबी शिकीव." पुढे आम्ही सात जणींनी महिला हातपंप दुरुस्ती सहकारी संस्था काढली, तिच्या त्या पहिल्या सभासद. तेव्हापासून ती माझी मालन आहे.

सर्जेराव आता अंथरुणाला खिळले आहेत. मागच्या साली मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बसा, चतुराबाई." मी बसले. त्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही. माझा राग संपला असे लिहिले तर ते खोटे होईल. परंतु तो माझ्यापुरता आहे, वारसांना जात नाही. धर्मराजने त्यांच्या मुलाशी बोलणे बंद ठेवले आहे, ते सुरू करावे.

कलम ५. माझे हापशाचे पाने, दोन क्लॅम्प, साखळी आणि गोणपाटाची पिशवी. धर्मराजच्या मते हे भंगार आहे. हे सगळे माझी नात, धर्मराजची मुलगी शिवकन्या, हिला द्यावे. का, ते नीट लिहिते.

सत्त्याऐंशीच्या वैशाखात दिंद्रुडच्या पुढे एका वस्तीवर मी आणि मालन गेलो होतो. दिवसाचा तिसरा हापसा होता आणि परतीचा टेम्पो गाठायचा होता. हापसा दुरुस्त करताना बोअरमधले पाईप एकेक करून वर ओढावे लागतात, आणि वर ओढलेला पाईप क्लॅम्पने धरून ठेवावा लागतो. मालन म्हणाली, "चतुरे, क्लॅम्प अजून एकदा आवळ."

"आवळलाय की," मी म्हणाले. आवळलेला नव्हता.

पाईप निसटला आणि त्याला खाली जोडलेल्या सगळ्या पाईपांसकट बोअरच्या तळाशी गेला. तो आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी कोणी मला शिवी दिली असती तर बरे झाले असते. एक म्हातारी फक्त म्हणाली, "झालं ते झालं, बाई. आता पाणी कुठून आणायचं ते सांग."

मी टेम्पो सोडून दिला. बीडहून पाईप काढायचा गळ यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी त्याच वस्तीवर राहिले आणि रोज त्या बायांबरोबर दोन कोसांवरच्या विहिरीला गेले. पहिले दोन दिवस लाज वाटली. नंतर चालताना माझ्या लक्षात आले की त्या एका ठरावीक चालीने चालतात, ना हळू ना जोरात, आणि बाभळीखाली सगळ्या जणी थांबतात. जी घाई करते तिची घागर हिंदकळते, तिला परत विहिरीला जावे लागते. दहाव्या दिवशी पाईप निघाला. तेव्हापासून मी कुठल्याही हापशाला हात लावण्याआधी घाम वाळेपर्यंत शेजारी बसते. लोक चिडायचे. पण त्यानंतर माझ्या हातून एकही पाईप सुटला नाही.

दोन हजार बावीस साली शिवकन्या पुण्याहून घरी आली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. फोन दिवसभर वाजायचा आणि ती दिवसभर त्याला उत्तरे द्यायची. एके दिवशी ऑफिसच्या जिन्यात तिला श्वास घेता येईना. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगले आहे, जीव थकला आहे. घरी आली तरी फोन थरथरला की तिचे हातही थरथरायचे. तिच्याच वयाच्या मुली पुढे गेल्या, आपण मागे राहिलो, असे ती भिंतीकडे तोंड करून बोलायची. धर्मराज म्हणाला, "आई, हिला समजाव. अशी नोकरी परत मिळायची न्हाई."

मी काही समजावले नाही. मला तिच्या कंपनीतले काय कळते? पंधरा दिवसांनी शाळेजवळचा हापसा अडकला. मी तिला म्हणाले, "माझे गुडघे चालत न्हाईत. पाने उचल."

"आजी, मला यातलं काहीच येत नाही. यूट्यूबवर बघून घेऊ का?"

"बघ की. पण आधी इथं बस."

"किती वेळ?"

"घाम वाळंपर्यंत."

ती बसली, पण पाच मिनिटांत तीनदा उठली. पहिल्या हापशाला तिने बोल्ट वाकडा बसवला, दुसऱ्याला बोट चेमटवून घेतले. तिसरा नारायणगडाच्या वाटेवरचा होता, खोल बोअरचा. मालन, गीता आणि ती अशा तिघी पाईप ओढत होत्या, मी दगडावर बसून होते. सहावा पाईप वर आला आणि शिवकन्या म्हणाली, "थांबा. माझे हात कापतायत. क्लॅम्प लावते आणि जरा बसते." तिने क्लॅम्प लावला, दोनदा आवळला, मग माझ्याशेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने ती आपण होऊन उठली. मला त्या दिवशी कळले की ही पोरगी आता सावरेल. तोवर मलाही खात्री नव्हती.

पाच महिन्यांनी ती कामाला परत गेली. कामाची वेळ संपल्यावर फोन बंद ठेवीन, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले. जुन्या कंपनीला ते चालले नाही, दुसरीला चालले. ती पूर्ण बरी झाली असे मी लिहिणार नाही. अजून कधीकधी तिला तसे होते. मग ती मला फोन करते आणि आम्ही दोघी न बोलता फोन कानाला लावून बसतो. तिच्या बाजूने गाड्यांचा आवाज येतो, माझ्या बाजूने चिमण्यांचा.

धर्मराज म्हणतो, जग फार वेगाने चालले आहे. खरे आहे. बहात्तरच्या दुष्काळात मी रोजगाराच्या कामावर खडी फोडली. पहिला बोअर पाडायचे यंत्र गावात आले तेव्हा म्हातारे म्हणाले, आता धरणीचे पोट कोरडे पडणार. ते निम्मे खरे ठरले आणि निम्मे खोटे. आता नळ आले, सौरपंप आले, उद्या आणखी काही येईल, आणि शिवकन्येसारख्या मुली तेही उघडून दुरुस्त करतील. मला पुढच्या दिवसांची भीती वाटत नाही. ज्याला थांबता येते त्याला पुन्हा चालू लागता येते, एवढे मी चार दुष्काळांत पाहिले आहे.

पाने शोभेला म्हणून भिंतीवर टांगू नयेत. शिवकन्या पुण्यात असेल तेव्हा ते गीताने सांभाळावेत आणि गावात जो मागेल त्याला द्यावेत. परत घेताना पुसून घ्यावेत.

कलम ६. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिसरण पंचशील घेऊन साधेपणाने करावा. शिवकन्येला तिचे काम संपल्यावर कळवावे, कामाच्या मध्ये नाही. ती येईपर्यंत थांबावे. यंदासारखा उन्हाळा असेल आणि त्याच वेळी टँकर आला, तर मला अंगणात सावलीला ठेवावे आणि बायांनी खुशाल पाणी भरून घ्यावे. माझ्यासाठी कोणाची घागर रिकामी राहू नये. सगळ्यांचे भरून झाले की मग उचलावे. मला घाई नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: चतुराबाई भ्र. शहादेव ओव्हाळ

साक्षीदार:
१. मालनबाई भ्र. सर्जेराव नवले, रा. पाली
२. पंडित आसाराम वीर, निवृत्त शिक्षक, रा. पाली

ठिकाण: पाली, ता. जि. बीड
दिनांक: २३ मे २०२४, बुद्ध पौर्णिमा